दोघींचा घास

मिरजेच्या अन्नमार्ग संशोधनशाळेत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, भिंतीवर दोन चित्रं शेजारी शेजारी उजळली. डावीकडच्या निळ्या पटावर एक पिवळसर लाल पट्टा वरून खाली तिरका उतरत गेला होता, आणि तो तळाशी पोचायच्या आतच तिथली आडवी लाल रेघ विरून निळी झाली होती. उजवीकडच्या चित्रात तिरका पट्टा नव्हताच. मधे सगळीकडे सारखाच फिकट रंग, आणि तळाची रेघ मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत ठळक लाल.

“हे अन्ननलिकेतल्या दाबाचे नकाशे,” डॉ. नूपुर तगारे म्हणाल्या. “आम्ही दाबनकाशा म्हणतो. डावीकडचा गार्गीताईंचा, उजवीकडचा ऋतुजाचा. दोघी एकेक घोट पाणीच प्यायल्यात.”

ऋतुजा पाटणकर खुर्चीत पुढे झुकली. नकाशे वाचणं हे तिचं कामच होतं. पाटबंधारे खात्यासाठी ती घरी बसून कृष्णेच्या पुराचे नकाशे करायची.

“पाणी वर तुंबलंय,” ती म्हणाली. “खालचं दार उघडलंच नाही.”

“अगदी बरोबर.”

“तरी मी सांगत होते,” तिच्या मागे उभी असलेली गार्गी म्हणाली, “हिच्या मनाला काही झालेलं नाही. सगळे आपले मनाच्याच मागे लागले होते.”

गार्गी ही ऋतुजाची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. सांगलीच्या जलतरण तलावावर तिनं पोरांना पोहायला शिकवत आयुष्य काढलं होतं, त्यामुळे तिचा नेहमीचा आवाजही तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा होता. मिहिर, म्हणजे ऋतुजाचा नवरा, हृदयविकारानं अचानक गेला, आणि आठवड्याभरासाठी म्हणून सोबतीला आलेली गार्गी राहूनच गेली. नणंदेसाठीचा ‘वन्सं’ हा जुना शब्द एव्हाना लोकांच्या बोलण्यातून जवळजवळ गेला होता. पण ऋतुजानं तो पहिल्यांदा थट्टेत वापरला आणि मग तोच तोंडात बसला.

मिहिर गेल्यानंतरच्या वर्षात ऋतुजाचा घास अडायला लागला. आधी भात, मग पोळी, मग चक्क पाणीसुद्धा. आडवं झालं की सकाळचा भात जसाच्या तसा घशाशी यायचा. छातीत कळ आली म्हणून हृदय तपासून झालं, पित्ताच्या गोळ्या घेऊन झाल्या. नातेवाइकांनी सांगितलं, दुःख गिळता येत नाहीये तिला, त्याचंच हे. ऋतुजालाही ते पटायला लागलं होतं. ती उभ्यानं जेवायची, प्रत्येक घासावर पाणी प्यायची, दोन्ही हात वर करून छाती ताणायची. मग कधीतरी आत काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं आणि घास खाली जायचा. पाहुण्यांसमोर हे करता येईना म्हणून तिनं कुणाकडे जाणंच सोडलं. एक दिवस हात धुताना तिच्या मनगटातली बांगडी नुसत्या पाण्याच्या धारेनं गळून पडली. ती उचलून गार्गीनं तिला तशीच गाडीत घातलं होतं.

“आपण घास गिळतो तो विहिरीत दगड टाकावा तसा पडत नाही,” डॉ. तगारे सांगू लागल्या. “अन्ननलिकेच्या भिंतीत स्नायू असतात. घासाच्या मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल होतो. अशी लाट वरून खाली जाते. म्हणून तर शीर्षासनातही पाणी पोटात जातं. आणि तळाशी एक स्नायूचं कडं आहे, तळद्वार. एरवी ते मिटलेलं असतं, लाट आली की सैल होतं.”

“आणि हिचं?”

“स्नायूंना दोन तऱ्हेच्या चेतापेशी हुकूम देतात. एक म्हणतात आवळ, दुसऱ्या म्हणतात सैल सोड. ऋतुजाच्या ‘सैल सोड’ म्हणणाऱ्या पेशी मेल्या आहेत. बहुधा तिच्याच शरीराच्या संरक्षक पेशींनी चुकून मारल्या. स्नायू धडधाकट आहेत, पण त्यांना सोडायला सांगणारं कुणी उरलं नाही. या आजाराला अकॅलेशिया म्हणतात. दुःखाचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

ऋतुजा बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले. गार्गीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, “पुढचं सांगा.”

पुढचं असं होतं. फुग्यानं तळद्वार ताणता येतं, किंवा त्या कड्याचा स्नायू कापता येतो. दोन्ही चांगले उपाय; दार उघडतं, अन्न आपल्या वजनानं खाली जातं. पण लाट परत येत नाही. या संशोधनशाळेत मात्र रुग्णाच्याच त्वचेपासून नव्या चेतापेशी वाढवायचे. त्यांना रोपपेशी म्हणत. त्या अन्ननलिकेच्या भिंतीत पेरल्या की रुजायच्याही. अडचण त्यापुढची होती, आणि ती सांगायला डॉ. तगाऱ्यांनी आपले सहकारी इरफान मोमीन यांना बोलावलं. मोमीन हे संकेत-अभियंते. बारीक चणीचे, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी गळ्याकडे बघायची सवय लागलेले.

“रोपपेशींना काम माहीत नसतं,” मोमीन म्हणाले. “आणि चेतापेशींचा नियम असा, की काम सांगत राहिलं तर त्या जगतात, नाही सांगितलं तर पेंगतात. नव्याच नव्हे, जुन्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. म्हणून त्यांना रोज, प्रत्येक घासाला, गिळायचं कसं ते दाखवावं लागतं.”

“मग नोंदवून ठेवलेली लाट ऐकवा,” गार्गी म्हणाली.

“करून पाहिलं, ताई. फसलं. केळ्याची लाट वेगळी, पाण्याची वेगळी, नीट न चावलेल्या भाकरीची आणखी वेगळी. जिवंत गिळणंच लागतं. शेजारी बसून, तेच अन्न, त्याच वेळी खाणारं माणूस, म्हणजे तालदाता. मानेतून पोटाकडे एक मोठी चेता उतरते. तिच्यावर दोघांच्याही तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवायचं. या जोडणीला आम्ही गिळणसेतू म्हणतो. तालदात्यानं घास गिळला की तोच हुकूम सेतूवरून रोपपेशींना मिळतो. घरातल्या घरात चालतं. फाटकाबाहेर गेलं की तुटतं.”

“एकाच बाजूनं?” ऋतुजानं विचारलं.

“नाही. दुहेरी ठेवावा लागतो. तुमचं दार उघडलं नसेल तर तालदात्याच्या लाटेनं क्षणभर थांबायला हवं, नाहीतर घासावर घास चढेल. एकाच तुळईला दोन लंबक टांगले तर काही वेळानं ते एका तालात झुलतात. तसंच हे. जोरकस असतो तो दुसऱ्याला ओढतो.”

“मग जोरकस मी आहे,” गार्गीनं जाहीर केलं. “बसवा तुमचा दाणा.”

“वन्सं, आधी विचार तरी करा!”

“केला की आत्ता.”

*

सेतू सुरू झाल्यावर पहिले काही महिने दोघींनाही कठीण गेले. गार्गी आयुष्यभर उभ्या उभ्या, घाईत, झणझणीत खात आलेली. ऋतुजाला मुगाची पातळ खिचडी. आता दोघींच्या ताटात एकच. समोरासमोर बसायचं, एकदम घास उचलायचा, एकदम गिळायचा.

“किती चावतेस गं! रवंथ करतेस का?”

“तुम्ही खोल पाण्यात उडी मारल्यासारखं गिळता. माझ्या आत धक्का बसतो.”

तलावावर गार्गी पूर्वी पोरांबरोबर वडापाव, भजी काहीही खायची. ते तिनं आपणहून बंद केलं. प्रत्येक घास म्हणजे रोपपेशींचा एक धडा. तो फाटकाबाहेर वाया कशाला घालवायचा? बाहेर ती फक्त चहा घ्यायची. पण जीभ थोडीच ऐकते! एका दुपारी ऋतुजा नकाशावर काम करत असताना तिच्या अन्ननलिकेत, तोंडात काही नसताना, एकामागून एक लाटा उतरायला लागल्या. ती उठून स्वयंपाकघरात गेली. गार्गी फडताळाशी पाठ करून उभी होती.

“वन्सं, काय खाताय?”

“कुठं काय?”

“भडंग आहे. कोरडं आहे, आणि तुम्ही बोकाणा भरलाय. मला इथं कळतंय.”

गार्गीला इतकं हसू आलं की भडंग सांडलं, आणि हसण्यानं लागलेली उचकी दोघींना एकदमच लागली. उचकी थांबेपर्यंत दोघी जमिनीवर बसून हसत होत्या. मिहिर गेल्यापासून त्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं.

हळूहळू खिचडीचा भात झाला, भाताची पोळी झाली. ऋतुजाच्या गालांवर मांस चढलं. बांगड्या परत बसायला लागल्या. दर महिन्याला दोघी चालकाविना धावणाऱ्या बसनं मिरजेला जायच्या, शेजारी शेजारी बसून केळं खायच्या, आणि भिंतीवर दोन दाबनकाशे उमटायचे. आधी ऋतुजाचा पट्टा फिकट असायचा, तुटक. मग तो सलग झाला, मग ठळक. शेवटी दोन्ही चित्रं इतकी सारखी दिसायला लागली की डॉ. तगाऱ्यांना खालचं नाव वाचावं लागे.

“शिष्य गुरूइतका तयार झाला,” त्या कौतुकानं म्हणत.

त्याच सुमारास एक दिवस गार्गी अंगणात फोनवर बोलत होती. तिचा आवाज घरातच काय, शेजारीही ऐकू गेला.

“नाही जमणार हो. वर्षभर कोचीला? अपंग जलतरणपटूंचा राष्ट्रीय संघ म्हणजे... अहो, मान आहे, मला कळतंय. पण घरी अडचण आहे. नाही, आजारपण नाही. अडचण आहे एवढंच समजा.”

ती आत आली तेव्हा ऋतुजा दारातच उभी होती.

“ती अडचण मी, होय ना?”

“तुझे कान फार तिखट झालेत.”

“वन्सं, कोची म्हणजे तुमचं आयुष्यभराचं स्वप्न. आणि तुम्ही ते माझ्या घासासाठी सोडताय?”

“स्वप्नंबिप्नं काही नाही. तिथं उकडतं.”

“आपण मिरजेला जाऊ. सेतू बंद करून बघू. माझं मला येत असेल तर तुम्ही जायचं.”

“आणि नसेल येत तर?”

ऋतुजाला दोन्हीची भीती वाटत होती. घास अडला तर गार्गी अडकणार. नाही अडला तर गार्गी जाणार. मिहिर नसताना या दोघींना बांधून ठेवणारं नातं कागदावर तर काहीच नव्हतं. एका ताटासमोर बसायचं कारण होतं, तेही आता संपवायला ती स्वतःच निघाली होती.

“तरी बघू,” ती म्हणाली.

*

मोमीनांनी दोन खुर्च्या नेहमीसारख्या शेजारी ठेवल्या, पण सेतू तोडला. भिंतीवर फक्त ऋतुजाचा नकाशा होता.

“आधी पाणी,” डॉ. तगारे म्हणाल्या.

पट्टा उतरला. तळाची रेघ निळी झाली.

“केळं.” उतरलं. “आता पोळी.” तीही उतरली. शेवटी गार्गीनं घरून डब्यात आणलेल्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ऋतुजानं तोंडात घातला, सावकाश चावला, आणि डोळे मिटून गिळला. नकाशावर लाट वरपासून खालपर्यंत गेली. तिरकी, रुंद, लाल.

मग गार्गीनं टाळी वाजवली, पोरगं पहिल्यांदा तलावाचा पलीकडचा काठ गाठतं तेव्हा वाजवायची तशी, आणि तिचे डोळे वाहायला लागले. मोमीनांनी खास आणलेला पेढ्यांचा पुडा उघडला. “पहिला मान गुरूचा,” असं म्हणून त्यांनी तो गार्गीपुढे धरला.

गार्गीनं अख्खा पेढा तोंडात टाकला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बोललीच नाही. तिचा हात छातीच्या मधोमध गेला. भुवया वर चढल्या, मान किंचित पुढे आली.

डॉक्टरांच्या आधी ते ऋतुजाला कळलं. तो चेहरा तिनं आरशात वर्षभर पाहिला होता.

“उभ्या राहा, वन्सं. घाबरू नका, श्वास चालू आहे तुमचा. हात वर करा. वर, अजून. आता हा घोट घ्या, छोटासा. परत एक. थांबा. जाईल खाली.”

बऱ्याच वेळानं पेढा खाली गेला. गार्गी घामानं भिजली होती.

“घाईत गिळला,” ती म्हणाली.

“नाही,” मोमीन हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “ताई, इथं बसा. तुमचा नकाशा काढू द्या. सेतू बंदच ठेवून.”

नकाशा आला. लाट वरच्या भागात निघत होती आणि मधेच विरून जात होती. तळाची रेघ उशिरा, अर्धवट, जेमतेम फिकी होत होती.

“वन्संनाही तोच आजार झाला?” ऋतुजानं विचारलं.

“नाही, पेशी मेलेल्या नाहीत,” डॉ. तगारे पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या. “पेंगल्यात. इरफान, सारख्या नकाशांना आपण इतके दिवस काय म्हणत होतो?”

“शिष्य तयार झाला.” मोमीन खाली बसले. “दोन माणसं हातात हात घालून पाय जुळवून चालली, तर कोण कुणाच्या आधारानं चालतंय ते पावलं बघून कळत नाही. आम्ही फक्त पावलं बघितली. ऋतुजाताईंच्या पेशी नव्या, तरुण. त्या शिकल्या, जोरकस झाल्या, आणि कधीतरी त्यांनीच ताल धरला. सेतू तर दुहेरीच होता. तेव्हापासून हुकूम तिकडून यायला लागला आणि गार्गीताईंच्या स्वतःच्या पेशींना कुणी काम सांगेना. ज्याला काम नाही...”

“ते पेंगतं,” ऋतुजानं वाक्य पुरं केलं. “हरिपूरच्या संगमावर होतं तसं. एरवी वारणा कृष्णेत जाते. पण कृष्णा चढली की तिचंच पाणी वारणेत उलटं शिरतं. वरून बघणाऱ्याला दोन्हीकडे पाणी सारखंच दिसतं.”

“चूक आमची आहे, ताई,” डॉ. तगारे गार्गीला म्हणाल्या. “तुम्हाला मधूनमधून एकटीनं जेवायला लावून तपासायला हवं होतं. तालदाता निरोगी आहे म्हणून आम्ही तिकडे बघितलंच नाही.”

गार्गी विचारात पडली होती. “तलावावरचा चहा इथं बसून राहायचा खरा,” ती छातीवर बोट ठेवून म्हणाली. “मला वाटलं, वय झालं.” मग ती ऋतुजाकडे वळली. “म्हणजे मी तुला भरवतेय म्हणून मिरवत होते, आणि एवढे दिवस जेवत होते तुझ्या जिवावर.”

“मिरवलंत खरं.”

“उपाय?” गार्गीनं मोमीनांना विचारलं.

“तोच. सेतू पुन्हा सुरू करायचा, या वेळी तालदात्री ऋतुजाताई. पण...” ते अडखळले. “तुमच्या पेशी जुन्या असल्या तरी अनुभवी आहेत, ताई. जाग्या झाल्या की पुन्हा जोर धरतील, आणि मग ऋतुजाताईंच्या पेंगायला लागू शकतात.”

“मग नको,” गार्गी एकदम म्हणाली. “मी पेज पिईन. चहा जातो तशी जाईल. हिचं परत नाही बिघडवायचं.”

“माझ्या वेळी तुम्ही विचार केला होता?” ऋतुजानं विचारलं.

“केला की.”

“तेवढाच मीही केलाय आत्ता.” ती मोमीनांकडे वळली. “एक वेळ सेतू जोडून जेवायचं आणि एक वेळ तोडून. सकाळी दोघींना शिकवणी, संध्याकाळी दोघींची आपापली परीक्षा. मग कुणालाच पेंगायला सवड मिळणार नाही. चालेल?”

मोमीनांनी डॉ. तगाऱ्यांकडे पाहिलं. “चालेल,” त्या विचार करून म्हणाल्या. “किंबहुना पहिल्यापासून असंच करायला हवं होतं. पण त्यासाठी रोज सकाळी दोघी एका घरात असायला हव्यात.”

“कोचीला घर देणार आहेत ना, वन्सं?”

“तलावाच्या आवारातच. पण तुझं काम?”

“नकाशे काय, कुठूनही काढता येतात. पाऊस उपग्रहातून दिसतो, सांगलीतून नाही.”

*

कोचीला खरंच उकडत होतं. सकाळी दोघी एकत्र जेवायच्या आणि भांडायच्या. संध्याकाळी सेतू बंद. गार्गी खाली तलावाच्या काठावर आपल्या पोहणाऱ्या मुलामुलींच्यात बसून पातळ पेज प्यायची, ऋतुजा वर खिडकीशी आपलं ताट घेऊन बसायची. हे ऋतुजाला सगळ्यात अवघड गेलं. घास सरळ उतरायचा, पण एकटीचं जेवण लांबल्यासारखं वाटायचं.

पावसाळा उलटून गेल्यावर एका संध्याकाळी तिचा फोन वाजला.

“गेला,” गार्गी म्हणाली. मागे पाण्याचा आणि मुलांचा गलका होता.

“कोण गेला?” ऋतुजा दचकली.

“घास गं! आप्पम. सबंध, वरून पाणी न पिता. कुणाच्या मदतीशिवाय. परत एक खाल्ला, तोही गेला.”

ऋतुजा खिडकीत आली. खाली गार्गी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात आप्पम घेऊन उभी होती, आणि एक पाय नसलेली एक मुलगी कठड्याला टेकून टाळ्या वाजवत होती.

पुढच्या खेपेला मिरजेला गेल्या तेव्हा डॉ. तगाऱ्यांनी दोन्ही नकाशे वेगवेगळे काढले, अनेक दिवसांचे तपासले, आणि सांगितलं की आता सेतूची गरज कुणालाच नाही. यंत्रं काढून टाकली तरी चालतील. काढली. दोघींच्या मानेवर एकेक बारीक पट्टी लागली.

कोचीच्या परतीच्या गाडीत, घाट उतरल्यावर, ऋतुजानं खिडकीबाहेर बघत विचारलं, “उद्या सकाळी जेवायला थांबायचं ना मी?”

“म्हणजे काय?” गार्गी म्हणाली. “आता डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, म्हणून उपाशी जेवू का मी एकटी?”

“उपाशी कसं जेवतात, वन्सं?”

“तेच म्हणते मी,” गार्गी म्हणाली, आणि तिनं सीट मागे करून डोळे मिटले.